मॉरोविंड अवघड की नुसता जुना? एल्डर स्क्रोल्समधली गुंतागुंत कुठून कुठे गेली

तुमचा प्रश्न असा आहे: एल्डर स्क्रोल्स या गेम-मालिकेतला स्कायरिम पूर्ण खेळून झाला, ऑब्लिव्हियनची नवी आवृत्तीही झाली. सगळे सांगतात म्हणून मॉरोविंड लावला, तर पहिल्याच गुहेत खंजीर शत्रूच्या अंगातून आरपार जाताना दिसतो आणि घाव मात्र बसत नाही. मग हा गेम खरोखर खोल आहे, की जुन्या काळातल्या ओबडधोबडपणालाच लोक खोली म्हणतात? आणि या मालिकेतला सर्वांत गुंतागुंतीचा गेम कोणता?

थोडक्यात सांगायचं तर नियमांची संख्या मोजली की डॅगरफॉल पहिला येतो. निर्णयांचे परिणाम किती दूरवर जातात हे पाहिलं तर मॉरोविंड. विनाकारण होणारी डोकेदुखी मोजली तर मूळ ऑब्लिव्हियन. स्कायरिममध्ये शिरणं सर्वांत सोपं आहे, पण तो सगळीकडे उथळ आहे हे मला मान्य नाही. गेमचे नियम रचणं हाच माझा व्यवसाय आहे आणि या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी ही मालिका आवर्जून अभ्यासायला सांगतो. बेथेस्डा या कंपनीने १९९४ ते २०११ या काळात एकाच काल्पनिक जगावर पाच वेळा नव्याने नियम बसवले. नियम बदलला की खेळणाऱ्याचं वागणं कसं बदलतं, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतं.

आधी आकडे बघू, कारण वाद नेहमी तिथूनच सुरू होतो. १९९४ च्या अरीनात स्किल हा प्रकारच नव्हता. १८ वर्ग (योद्धा, जादूगार असे पेशे) आणि आठ मूळ गुण, एवढंच. १९९६ च्या डॅगरफॉलमध्ये ३५ स्किल आली. २००२ च्या मॉरोविंडमध्ये ती २७ झाली, २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये २१ आणि २०११ च्या स्कायरिममध्ये १८. स्कायरिमने तर ताकद, बुद्धी, चपळाई, नशीब असे आठही मूळ गुण काढून टाकले आणि प्राण, जादू व दम हे तीनच पट्टे ठेवले. ही उतरती रांग दाखवून मालिका बाळबोध होत गेली असा निष्कर्ष लोक काढतात.

पण त्या ३५ मध्ये काय काय होतं ते पाहा. त्यातली नऊ स्किल म्हणजे नुसत्या भाषा: ऑर्कांची, हार्पींची, राक्षसांची, ड्रॅगनांची वगैरे. भाषा येत असेल तर तो प्राणी हल्ला न करण्याची शक्यता वाढते, एवढाच तिचा उपयोग. कल्पना सुंदर आहे, पण तिच्यावर उभं राहिलेलं पुढे काहीच नाही. उलट स्कायरिममध्ये ‘एकहाती शस्त्र’ हे एकच स्किल दिसतं, पण त्याच्या पर्कमध्ये (लेव्हल चढल्यावर निवडायच्या खास क्षमतांमध्ये) तलवार, कुऱ्हाड आणि गदा यांच्या वाटा वेगळ्या होतात. म्हणून नुसतं स्किल मोजणं मी केव्हाच सोडलं. मी दोन प्रश्न विचारतो. आत्ता घेतलेला निर्णय दहा तासांनंतर मला कुठे अडवतो आणि कुठे वाट मोकळी करून देतो? आणि पुढे जायला लागणारी माहिती कोणाकडे असते, माझ्या डोक्यात की यंत्राकडे?

आता तुमच्या खंजिराकडे येऊ. सुरुवातीच्या कचेरीत टेबलावर पडलेला तो लोखंडी खंजीर जवळजवळ प्रत्येक नवा खेळाडू उचलतो. तो ‘आखूड पातं’ या स्किलवर चालतो. तुम्ही ते स्किल मुख्य किंवा दुय्यम म्हणून निवडलं नसेल आणि तुमच्या वंशाला किंवा वर्गाच्या कलाला त्याचा फायदा नसेल, तर ते फक्त ५ असतं. मॉरोविंडमध्ये घाव बसण्याची शक्यता अशी निघते: स्किल, अधिक चपळाईचा पाचवा हिस्सा, अधिक नशिबाचा दहावा हिस्सा. या बेरजेला दमाचा गुणक लावायचा. दम पूर्ण असेल तर तो १.२५ असतो आणि पूर्ण संपला असेल तर ०.७५. मग समोरच्याची चुकवण्याची क्षमता त्यातून वजा करायची. तीही चपळाई, नशीब आणि दम यांवरूनच निघते.

तुमची आणि शत्रूची चपळाई व नशीब ४० धरा आणि दोघांचाही दम पूर्ण आहे असं समजा. तुमची बेरीज १७, गुणकासह २१. शत्रूची चुकवण्याची क्षमता १५. उरले साधारण सहा टक्के. गुहेपर्यंत पळत आला असाल तर दमाचा हिरवा पट्टा रिकामा झालेला असतो, कारण मॉरोविंडमध्ये पळण्यानेही दम जातो. मग तुमची बाजू तेरावर येते आणि पंधरा वजा केले की शून्य उरतं. त्या क्षणी तुम्ही कितीही वेळा खंजीर चालवला तरी एकही घाव बसणार नाही. हेच गणित मुख्य स्किलचं शस्त्र घेऊन करा. स्किल ३५, दम पूर्ण, तर शक्यता ४४ टक्क्यांच्या आसपास जाते, आणि दमलेल्या अवस्थेत २० वर येते.

नियम म्हणून मला हे फार आवडतं. पळत जाऊन लढायचं की चालत, हा निर्णयही त्यामुळे लढाईचा भाग होतो. पात्र घडवताना निवडलेलं स्किल पहिल्या तासात जाणवतं, आणि वीस तासांनी तोच शत्रू दोन घावांत पडतो तेव्हा वाढ खरी वाटते. चुकलं ते सादरीकरण. शत्रू घाव चुकवताना दिसतच नाही. पातं अंगातून जातं आणि कानावर फक्त हवा कापल्याचा आवाज येतो. तुमचा वैताग रास्त आहे, पण तो नियमावर न काढता चित्रणावर काढा. ऑब्लिव्हियनने नेमकं हेच हेरून उपाय केला: दिसायला लागलेला प्रत्येक घाव बसतोच, स्किल फक्त इजा ठरवतं. डोळ्यांना ते पटतं. त्याची किंमत म्हणजे शत्रूला संपवायला पुढे पुढे तलवारीचे वारांवर वार करत राहावं लागतं.

ऑब्लिव्हियनची खरी अडचण मात्र लेव्हल चढण्यात आहे आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्या मालिकेत शिकण्यासारखी गोष्ट मला हीच वाटते. नियम मॉरोविंडमधूनच आला. मुख्य स्किलमध्ये मिळून दहा वाढी झाल्या की झोपायचं, मग लेव्हल चढते. (मॉरोविंडमध्ये दुय्यम स्किलही त्यात मोजली जातात.) लेव्हल चढताना तीन मूळ गुण वाढवता येतात. किती वाढवता येतात हे त्या गुणाशी जोडलेली स्किल त्या लेव्हलमध्ये किती वाढली त्यावर ठरतं: एक ते चार वाढींना दोन, पाच ते सातला तीन, आठ-नऊला चार आणि दहा किंवा जास्त असतील तर पाच. शिवाय दर लेव्हलला प्राण वाढतात ते काटकपणाच्या दहाव्या हिश्श्याइतके, आणि मागच्या लेव्हलचं राहिलेलं नंतर भरून मिळत नाही.

याचा अर्थ असा की प्रत्येक लेव्हलला पूर्ण पाच-पाच हवे असतील तर कुठल्या स्किलमध्ये किती वाढ झाली याचा हिशेब वहीत ठेवावा लागतो. त्याहून विचित्र म्हणजे जी स्किल रोज वापरायची ती मुख्य म्हणून निवडूच नयेत, म्हणजे लेव्हल आपल्या ताब्यात राहते, असा सल्ला अनुभवी खेळाडू देऊ लागले. नियम जे सांगतो त्याच्या नेमकं उलट वागण्यात शहाणपण ठरतं, तेव्हा तो नियम फसलेला असतो.

हाच नियम मॉरोविंडमध्ये मात्र फारसा टोचत नाही. तिथलं जग बऱ्याच अंशी आपापल्या जागी स्थिर आहे. काही प्राणी लेव्हलनुसार बदलतात, पण बहुतेक माणसं आणि मौल्यवान वस्तू हाताने ठेवलेल्या आहेत. तुम्ही वाईट रीतीने लेव्हल चढलात तरी पुढेच जाता. ऑब्लिव्हियनमध्ये जग तुमच्याबरोबर चढतं. वाटेवर किरकोळ नाणी मागणारे दरोडेखोर काही लेव्हलनंतर काचेचं महागडं चिलखत घालून उभे राहतात. त्यामुळे बोलणं, व्यापार आणि उड्या मारणं यांत लेव्हल चढवलेला माणूस आधीपेक्षा दुबळा होतो. आणि झोपलंच नाही, तर स्किल वाढत राहतात, लेव्हल एकवरच राहते आणि गेम सोपा होतो. नियम तोच, भोवतालचं जग बदललं, आणि एक निरुपद्रवी नियम घातक ठरला. २०२५ च्या नव्या आवृत्तीत तुम्हाला हे जाणवलं नसेल, कारण तिथे दर लेव्हलला वाटायला सरळ १२ गुण मिळतात आणि वही लागत नाही. तिथे गुंतागुंत कमी झाली आणि गेम सुधारला. साधेपणाला सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

जादूच्या बाबतीत मात्र माझी बाजू ठाम आहे. मालिकेने खरोखर काही गमावलं असेल तर ते इथे. मूळ गुण गेले याचं मला दुःख नाही, मंत्र घडवण्याची सोय गेली याचं आहे. मॉरोविंडमध्ये पैसे देऊन स्वतःचा मंत्र बनवता येतो: परिणाम कोणता, किती ताकदीचा, किती सेकंद, किती अंतरावर, किती परिसरात. एकाच मंत्रात अनेक परिणाम बसवता येतात. उंच उडीचा परिणाम फक्त एका सेकंदाचा ठेवला तर तो स्वस्त पडतो, कारण उडी घेण्यापुरताच तो हवा असतो. त्याला हळू उतरण्याचा परिणाम जोडला की प्रवासाचं स्वतःचं साधन तयार होतं. हे कोणी तुम्हाला शिकवत नाही, नियमांतून ते आपलं आपणच सापडतं.

शिकवत नाही म्हणालो खरं, पण एक अपवाद आहे आणि तो मला अजूनही थक्क करतो. खेळ जिथे सुरू होतो त्या सेडा नीन गावाबाहेर वाटेवर एक माणूस आकाशातून किंचाळत कोसळतो आणि मरतो. त्याच्याजवळ मंत्र लिहिलेल्या तीन गुंडाळ्या सापडतात. एक वाचली की कसरतीचं स्किल सात सेकंदांसाठी १,००० ने वाढतं. उडी मारा, अर्धा प्रदेश ओलांडाल, पण सात सेकंद हवेतच संपलेले असतात. उतरताना वाचायचं असेल तर दुसरी गुंडाळी जमिनीजवळ आल्यावर वाचायला हवी. मंत्राची ताकद, त्याची मुदत आणि पडण्याने होणारी इजा हा सगळा धडा एका प्रेतातून दिला आहे, आणि एकही सूचना पडद्यावर आलेली नाही.

त्याच जगात टेलवानी घराण्याच्या जादूगारांच्या मनोऱ्यांना जिने नाहीत. वर जायचं तर हवेत तरंगता आलं पाहिजे. मंत्र येत नसेल तर काढा किंवा गुंडाळी विकत घ्या. इमारतीच्या रचनेतूनच त्या घराण्याचा माज कळतो आणि खेळाडूला आपल्या तयारीचा विचार करावा लागतो. ऑब्लिव्हियनमध्ये तरंगणं गेलं, कारण मोठी शहरं भोवतालच्या प्रदेशापासून वेगळी साठवलेली होती; भिंतीवरून उडून आत डोकावलं असतं तर खरं शहर तिथे नसतं. याची चाहूल मॉरोविंडच्याच ट्रायब्युनल या विस्तारात लागते. तिथलं मॉर्नहोल्ड शहर असंच वेगळं आहे आणि तिथेही तरंगता येत नाही. स्कायरिममध्ये मंत्र घडवणंही गेलं. शिवाय विध्वंसाच्या जादूचं स्किल वाढलं तरी मंत्रांची इजा वाढत नाही, खर्च कमी होतो. इजा वाढते ती पर्क आणि काढ्यांनी. मग चार वस्तूंवर खर्च २५ टक्के कमी करणारे जादूचे संस्कार केले की खर्च शून्यावर येतो आणि जादूगाराला कसलाच हिशेब करावा लागत नाही.

माहिती कोणाकडे असते, या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. मॉरोविंडमध्ये नकाशावर बाण नाही. अमुक किल्ल्याजवळचा पूल ओलांड, मग दरीच्या कडेने जा, असं कोणीतरी तोंडी सांगतं, आणि ते तुम्ही लक्षात ठेवायचं. ड्वेमर या लोप पावलेल्या वंशाच्या पहिल्या अवशेषाशी पोहोचल्यावरही दार उघडत नाही; जवळच्या नळावरचा दांडा फिरवावा लागतो. सांगितलेले पत्ते कधी कधी नीट नसतात आणि मूळ रोजनिशी कामांनुसार न लावता नुसत्या तारखांनुसार लावलेली होती, हा त्रास खरा आहे. तरी त्यामुळे जमीन पाठ होते. प्रवासाचंही तसंच. सिल्ट स्ट्रायडर (प्रवासी वाहणारे अजस्र किडे), होड्या, जादूगार संघाचे मार्गदर्शक, देवळाकडे खेचून नेणारा मंत्र, खूण करून तिथे परतण्याचा मंत्र: इतकी साधनं जोडून रस्ता आखावा लागतो.

बाण बंद करून स्कायरिम खेळा म्हणजे तोच अनुभव मिळेल, असं काही जण सुचवतात. तो मिळत नाही. स्कायरिममधली माणसं बहुतेक वेळा पत्ता सांगतच नाहीत, कारण बाण दाखवणार हे गृहीत धरून संवाद लिहिले आहेत. ऑब्लिव्हियनपासून प्रत्येक वाक्य आवाजात ध्वनिमुद्रित होऊ लागलं आणि बोलण्याचा पसारा आटला. बाण बंद केला तरी संवादातून गेलेली माहिती परत येत नाही.

परिणामांचं म्हणाल तर मॉरोविंडमध्ये कथेला आवश्यक असलेल्या माणसालाही मारता येतं. भविष्यवाणीचा धागा तुटला असा संदेश येतो आणि खेळ चालू राहतो. इतकंच काय, धागा तुटल्यावरही शेवटपर्यंत जाण्याची एक आडवाट ठेवलेली आहे. ती कोणती हे सांगत नाही, स्वतः शोधा. ऑब्लिव्हियन आणि स्कायरिममध्ये असं महत्त्वाचं माणूस कोसळतं आणि थोड्या वेळाने उठतं. संघांत वर चढायला मॉरोविंडमध्ये ठरावीक स्किल लागतात. स्कायरिममध्ये जेमतेम चार मंत्र येणारा योद्धाही विंटरहोल्डच्या जादूच्या विद्यापीठाचा प्रमुख होतो.

स्कायरिमच्या बाजूने बोलायला हवं, ते असं. त्याने निर्णय सुरुवातीपासून उचलून मधल्या खेळात नेला. जगाची चव घेण्याआधीच वर्ग निवडायला लावणं अन्यायाचं होतं, आणि ते त्याने बंद केलं. कोणतंही स्किल वाढलं तरी लेव्हल चढते, पर्क मात्र दर लेव्हलला एकच, आणि पायऱ्या धरून पर्क अडीचशेच्या आसपास. म्हणून कमी लेव्हलला लोहारकाम वाढवत बसलेला खेळाडू लढाईत कमी पडतो. त्याची भरपाई चांगल्या शस्त्रांनी होते, की होत नाही, हा खरा निर्णय आहे. काढे, संस्कार आणि लोहारकाम यांची साखळी तर मालिकेतली सर्वांत घट्ट विणलेली आहे: एकाचं फळ दुसऱ्याची ताकद वाढवतं. चिलखताचा आकडा पूर्ण पोशाखासह ५६७ ला पोहोचला की इजा ८० टक्क्यांनी घटते आणि त्यापुढचं सगळं वाया जातं, हे गेम कुठेच सांगत नाही. म्हणजे लपलेलं गणित इथेही आहे. २०१३ मध्ये लेव्हलची मर्यादा काढली आणि एक पर्क घेताना दुसरा सोडण्याची सक्ती सैल झाली, हे मला पटलेलं नाही.

डॅगरफॉलबद्दल थोडक्यात. स्वतःचा वर्ग बनवण्याची इतकी मोकळीक पुढे कधीच मिळाली नाही. उन्हात इजा होणं, ठरावीक धातू वर्ज्य असणं असे दोष पत्करून गुण घ्यायचे, आणि त्या बेरीज-वजाबाकीवर स्किल किती वेगाने वाढणार हे ठरतं. बँका, कर्ज, प्रत्येक प्रदेशातली वेगळी पत, कोर्टात गुन्हा नाकारण्याची सोय, मुदत असलेली कामं, सगळं आहे. पण हजारो गावं यंत्राने घडवलेली असल्याने त्या नियमांना वेगळं वळण देणारी जागा फार थोडी सापडते. रुंदी अफाट, खोली तुटक.

तेव्हा तुमच्यासाठी: मॉरोविंड सोडू नका. खंजीर सेडा नीनमधल्या ॲरिलच्या दुकानात विका आणि तुमच्या मुख्य स्किलचं शस्त्र घ्या. स्किलच आठवत नसतील तर पात्र नव्याने बनवा. एकच शस्त्र मुख्य ठेवा. गुहेच्या तोंडाशी पोहोचलात की हिरवा पट्टा पाहा, रिकामा असेल तर तासभर विश्रांती घ्या आणि मगच आत शिरा. बालमोराला सिल्ट स्ट्रायडरने जा, तिथे पैसे देऊन शस्त्राचं स्किल चाळिशीपर्यंत वाढवून घ्या, घाव चुकण्याचा त्रास बराच ओसरेल. तरंगण्याचा एक काढा नेहमी जवळ ठेवा. आजच्या संगणकावर खेळण्यासाठी ओपनएमडब्ल्यू हे मोफत इंजिन वापरा. त्यासाठी मूळ गेमच्या फाइल लागतात. मॉरोविंड संपल्यावर डॅगरफॉल पाहायचा असेल तर डॅगरफॉल युनिटी ही आजच्या संगणकावर चालणारी, चाहत्यांनी नव्याने केलेली आवृत्ती घ्या, मूळ गेम मोफत मिळतो, आणि त्यात पहिली गोष्ट म्हणजे भुयारात शिरण्याआधी परतीच्या मंत्राची खूण दारातच करून ठेवा.